सुनावणीचे कलम : नवी मुंबईची जमीन आणि शासनाच्या अधिकाराची सीमा

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेला दिघ्यापासून पनवेल-उरणपर्यंत पसरलेली नवी मुंबई ही शासनाने एका कायदेशीर अधिकाराच्या बळावर वसवलेली नगरी आहे. पेठेभोवती किंवा देवस्थानाभोवती पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेल्या गावांसारखा तिचा जन्म झाला नाही. फेब्रुवारी १९७० मध्ये राजपत्रात अधिसूचना निघाली, १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ म्हणजे सिडको ही शासनाच्या मालकीची कंपनी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली तिला नवनगर विकास प्राधिकरणाचा दर्जा मिळाला, आणि तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरच्या टापूतील भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे नकाशावर शहर म्हणून रंगवली गेली. नागरिकाची जमीन त्याची संमती नसतानाही घेण्याच्या या अधिकाराला विधिशास्त्रात सर्वोच्च स्वामित्वाचा अधिकार म्हणतात. शासनाच्या सर्व अधिकारांत सर्वांत उघडा आणि माणसाच्या आयुष्याला सर्वांत खोलवर भिडणारा अधिकार हाच असल्यामुळे, राज्यघटना शासनाला कोठे आणि कशी अडवते हे पाहण्यासाठी नवी मुंबईच्या जमिनीइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

या अधिकाराच्या दोन सीमा पुष्कळांना ठाऊक असतात. जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठीच घेतली पाहिजे, ही एक. घेतलेल्या जमिनीचा मोबदला दिला पाहिजे, ही दुसरी. तिसरी सीमा मात्र फारशी चर्चेत येत नाही, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय तीच आहे : जमीन घेण्याचा निर्णय पक्का होण्याआधी ज्याची जमीन जाणार त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात, म्हणजे ज्या कायद्याने नवी मुंबईच्या बहुतेक जमिनी घेतल्या गेल्या त्या कायद्यात, मुळात ही सोय नव्हतीच. इंग्रज सरकारने केलेल्या त्या कायद्यात मालकाला फक्त किमतीबद्दल तक्रार करता येत असे. जमीन घ्यावी की नाही, हा त्याने विचारण्याचा प्रश्न मानलाच गेला नव्हता. १९२३ च्या दुरुस्तीने कलम ५-अ त्यात आले आणि पुढची सारी लढाई या एका कलमाभोवती फिरली.

त्या कायद्याचा क्रम समजून घेतला की या कलमाचे मोल ध्यानात येते. कलम ४ ची अधिसूचना म्हणजे अमुक गावातील अमुक जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी लागण्याचा संभव आहे, अशी प्राथमिक सूचना. तिच्यानंतर ३० दिवसांत हितसंबंधित व्यक्तीने हरकत नोंदवायची, जिल्हाधिकाऱ्याने किंवा त्याच्या वतीने भूसंपादन अधिकाऱ्याने ती हरकत प्रत्यक्ष अथवा वकिलामार्फत ऐकायची आणि आपला अहवाल शासनाकडे पाठवायचा, ही कलम ५-अ ची चौकशी. अहवालाचा विचार करून शासनाने जमीन निश्चितपणे हवी असल्याचे जाहीर करायचे, ही कलम ६ ची घोषणा. मग मोबदला ठरवणारा निवाडा, आणि शेवटी ताबा. म्हणजे ‘लागण्याचा संभव आहे’ आणि ‘लागणारच आहे’ या दोन वाक्यांच्या मध्ये शेतकऱ्याला उभे राहण्यासाठी कायद्याने जेमतेम एका पायरीएवढी जागा ठेवली होती. ऐकणारा अधिकारी वेगळा आणि निर्णय देणारे शासन वेगळे, असा या रचनेत दोषही होता, आणि पुष्कळ ठिकाणी चौकशी उपचारापुरती उरली हेही खरे आहे. तरीही हरकत लेखी नोंदली गेली की तिच्यावर लेखी विचार करावा लागतो, तो विचार कसा केला हे पुढे न्यायालय तपासू शकते, आणि त्यामुळे कागदावरची ही एक पायरी शासनाच्या मनमानीला खरोखरच अडवू शकते.

ज्यांच्या जमिनी या क्रमात सापडल्या त्या आगरी, कोळी आणि इतर शेतकरी कुटुंबांची जमिनीवरची मालकी त्या वेळी किती ताजी होती, हे विसरता येत नाही. खोत आणि सावकारांची कुळे म्हणून कसणाऱ्या या समाजाने जमिनीच्या हक्कासाठी दीर्घ संघर्ष केला होता. याच कुलाबा जिल्ह्यातील अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप अनेक वर्षे चालला. कूळकायद्याच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारा कूळ मालक मानला जाऊ लागला. त्या दिवसापासून नव्या शहराच्या अधिसूचनेपर्यंत पुरती तेरा वर्षेही गेलेली नव्हती. ज्यांच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव चढून एक तपच लोटले होते, किंवा ज्यांची कूळ म्हणून नोंद अद्याप वादात होती, त्यांना राजपत्रात छापलेली सूचना वाचून ३० दिवसांत कायदेशीर हरकत लिहायची होती. कायद्याने दिलेला हक्क आणि तो वापरण्याची ताकद यांच्यातील हे अंतर नवी मुंबईच्या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

त्या काळात मालमत्तेचा हक्क हा मूलभूत हक्क होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये मालमत्ता संपादन करण्याचे व धारण करण्याचे स्वातंत्र्य होते आणि अनुच्छेद ३१ मध्ये सक्तीच्या संपादनावरची बंधने होती. जमीन सुधारणांचे कायदे या अनुच्छेदांवर आदळून अडू लागल्यामुळे त्यांत अनेकदा दुरुस्त्या झाल्या, आणि अखेर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हे दोन्ही हक्क २० जून १९७९ पासून मूलभूत हक्कांच्या भागातून वगळण्यात आले. त्यांच्या जागी आलेला अनुच्छेद ३००-अ एका वाक्याचा आहे : कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कोणत्याही व्यक्तीची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. मोठ्या जमीनदारांपासून कुळांचे रक्षण करण्यासाठी जो बदल झाला, त्याचा भार पुढे त्याच कुळांच्या वारसांवर पडला, ही या घडामोडीतील वेदनादायक बाजू होय. शासनाला हा बदल सोयीचा वाटला. परंतु ‘कायद्याने दिलेला अधिकार’ या शब्दांत किती अर्थ सामावला आहे, हे न्यायालयांनी हळूहळू उलगडत नेले. कायदा अस्तित्वात आहे एवढे पुरेसे नाही. त्या कायद्यातील प्रत्येक पायरी पाळली गेली पाहिजे, आणि तो कायदाही न्याय्य, वाजवी व मनमानीपासून मुक्त असला पाहिजे, असा तो अर्थ आहे.

कायद्याची पायरी पाळूनही अन्याय कसा होतो, याचे उत्तर निवाड्यांच्या तारखांमध्ये आहे. १८९४ च्या कायद्यानुसार मोबदला ठरत असे तो कलम ४ ची अधिसूचना प्रसिद्ध झाली त्या दिवशीच्या बाजारभावाने. घोषणेनंतर निवाडा किती काळात करावा, याला कायद्यात १९८४ पर्यंत मुदतच नव्हती. परिणामी जमिनीचा भाव १९७० मध्ये गोठला, शेजारी वाशीत इमारती उभ्या राहू लागल्या, आणि शेतकरी मात्र जुन्याच दराच्या हिशेबात अडकून पडला. २४ सप्टेंबर १९८४ रोजी अमलात आलेल्या दुरुस्तीने ही ढिलाई थांबवली : घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही तर संपादनाची कार्यवाही व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, ठरेल असे कलम ११-अ सांगू लागले, आणि आधीच्या प्रलंबित प्रकरणांना दुरुस्तीच्या दिवसापासून दोन वर्षे मिळाली. नवी मुंबईतील पुष्कळ गावांच्या निवाड्यांवर १९८६ चे साल दिसते त्याचे कारण हेच. शासनाला घाई झाली ती मुदत संपत आल्यावर. सक्तीच्या संपादनाबद्दल द्यायची दिलासा रक्कम याच दुरुस्तीने १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेली, अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंतच्या काळासाठी बाजारमूल्यावर दरसाल १२ टक्के जादा रक्कम देऊ केली, आणि वाढीव मोबदल्याच्या दाव्यांना बळ दिले.

त्या दुरुस्तीच्या काही महिने आधीच उरण तालुक्याने जबर किंमत मोजली होती. लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जमीनधारक शेतकऱ्यांच्या आंदोलनावर १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले. जमीन देणाऱ्याला विकसित जमिनीचा वाटा मिळाला पाहिजे, ही आंदोलनातून पुढे आलेली मागणी १९९० मध्ये शासनाने साडेबारा टक्के योजनेच्या रूपाने स्वीकारली; १९९४ मध्ये तिचे नियम पुन्हा ठरवले गेले, आणि सामाजिक सुविधांसाठीची ३.७५ टक्के कपात वजा जाता भूधारकाच्या हाती ८.७५ टक्के भूखंड येऊ लागला. प्रकल्पग्रस्तांच्या हक्काची ही तत्त्वे कोणत्याही न्यायालयाने शोधून काढलेली नाहीत. मोबदला म्हणजे पैसा, इतकेच कायदा त्या वेळी जाणत होता; शहरातला वाटा हा मोबदला होऊ शकतो, हे गावांनी शासनाला शिकवले, आणि पुढे देशभरातील पुनर्वसनाच्या विचारात त्याला जितके मोठे स्थान मिळायला हवे होते तितके ते अद्याप मिळालेले नाही.

न्यायालयांचे काम वेगळ्या जागी दिसते. कलम १७ शासनाला तातडीचा अधिकार देत असे, आणि त्याच्या चौथ्या पोटकलमाखाली कलम ५-अ ची चौकशी पूर्णपणे वगळता येत असे. पूर आला, रेल्वेचा मार्ग खचला, तर हरकती ऐकत बसता येणार नाही, हे कोणालाही पटेल. पण घरे आणि कारखाने यांच्या नियोजनासाठीही हाच अधिकार वापरण्याची सवय अनेक राज्यांना जडली. महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या गवते खटल्याचा १९७६ चा निकाल या सवयीला दिलेले मूलभूत उत्तर आहे. औद्योगिक व निवासी विकास देशासाठी निकडीचा आहे हे न्यायालयाने मान्य केले, परंतु तसल्या योजना आखायला आणि पार पाडायला मुळातच पुष्कळ काळ लागत असताना हरकतींच्या अल्पकालीन चौकशीने त्यांचे काय बिघडणार, असा प्रश्न त्यासमोर होता. प्रकल्प तातडीचा आहे का आणि सुनावणी टाळण्याइतकी तातडी आहे का, हे दोन निराळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचा अधिकाऱ्याने स्वतंत्रपणे विचार केल्याचे दिसले पाहिजे, आणि त्याबद्दल दफ्तरात काहीच नसेल तर शासनाची बाजू लंगडी पडते. २००५ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियमसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले आणि कलम ५-अ खालील हरकतीचा हक्क मूलभूत हक्काच्या तोडीचा असल्याचे त्याने सांगितले. कायद्यातला एक साधा टप्पा अशा रीतीने घटनेच्या उंचीला पोचला.

मात्र ज्याच्या बाबतीत ना सुनावणी झाली, ना निवाडा, ना मोबदला, त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर देणारा निकाल ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक संपादनातूनच पुढे आला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळासाठी १९६४ मध्ये काही शेतकऱ्यांच्या जमिनीबाबत कलम ४ ची अधिसूचना निघाली आणि जमीन ताब्यात गेली. शेजाऱ्यांचे निवाडे १९६६ मध्ये झाले, पण या कुटुंबांच्या बाबतीत पुढचे पाऊलच पडले नाही. चूक ध्यानात आल्यावर १९८१ मध्ये पुन्हा अधिसूचना निघाली आणि तीही अर्धवट राहिली. १९८८ मध्ये महामंडळाने तीच जमीन मोबदला घेऊन सिडकोच्या हवाली केली. ज्यांची जमीन होती त्यांना एक पैसाही न देता एका सरकारी संस्थेने ती दुसरीला दिली आणि किंमत स्वतः घेतली, असा या व्यवहाराचा सरळ अर्थ होता. अशिक्षित शेतकऱ्यांचे हे वारस उच्च न्यायालयात गेले तेव्हा उशीर झाला आणि काही कागदपत्रे उपलब्ध नाहीत, या कारणांवरून त्यांची याचिका फेटाळली गेली.

सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०१२ रोजी हा निर्णय फिरवला. रिट याचिकेत, म्हणजे अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाकडे शासनाविरुद्ध आदेश मागणाऱ्या अर्जात, विलंब हा एरवी महत्त्वाचा मुद्दा असतो. झोपी गेलेल्याला न्यायालय मदत करत नाही, असे त्यामागचे तत्त्व. पण अन्याय रोजच्या रोज चालूच असेल आणि अन्याय करणारे स्वतः शासन असेल, तर त्या शासनाला नागरिकाच्या विलंबामागे लपता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. मालमत्तेचा हक्क आता घटनात्मक हक्काबरोबरच मानवी हक्कही मानला जातो, उपजीविकेचे साधन असे हिरावणे हे जीविताच्या हक्काचे, म्हणजे अनुच्छेद २१ चे, उल्लंघन आहे, आणि कल्याणकारी राज्यात मोबदल्याइतकीच पुनर्वसनाचीही जबाबदारी शासनावर येते, असे या निकालात म्हटले आहे. संपादनाची कार्यवाही नव्याने करून चालू बाजारभावाने मोबदला देण्याचा आदेशही त्यात होता. मूलभूत हक्कांच्या यादीतून बाहेर काढलेला हक्क दुसऱ्या दाराने पुन्हा त्या घरात आला, तो ठाण्याच्या खाडीकाठच्या शेतकऱ्यांमुळे. अठ्ठेचाळीस वर्षे ताटकळल्यानंतर मिळालेल्या या न्यायाबद्दल समाधान मानायचे की एवढा काळ कोणालाच ही जमीन कशी दिसली नाही याचा संताप करायचा, हे ठरवणे कठीण आहे. दोन्ही भावना योग्यच म्हणाव्या लागतील.

सिडको किंवा औद्योगिक विकास महामंडळ यांना हे सारे लागू का होते, याचेही कारण सांगायला हवे. घटनेची बंधने राज्यसंस्थेवर असतात, आणि अनुच्छेद १२ मधील राज्यसंस्थेच्या व्याख्येत मंत्रालयाबरोबर कायद्याने स्थापन झालेली महामंडळे तसेच शासनाच्या मालकीच्या व नियंत्रणाखालील कंपन्याही न्यायालयांनी समाविष्ट केल्या आहेत. तसे नसते तर शासनाला कंपनी स्थापून घटनेच्या कक्षेबाहेर पडण्याची वाट सहज मिळाली असती.

१ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा अमलात आला. त्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणले, सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी ७० टक्के आणि खासगी कंपन्यांसाठीच्या संपादनात ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली, आणि तातडीचा अधिकार कलम ४० मध्ये देशाचे संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती किंवा संसदेने मंजूर केलेली आणीबाणीची स्थिती एवढ्यापुरता आवळून टाकला. तरीही जुन्या कायद्याची सावली नवी मुंबईवर राहिलीच. तेथील विमानतळाशी निगडित कामांसाठी पनवेल तालुक्यातील वहाळ येथील जमिनींचे संपादन जुन्या कायद्याच्या कलम १७ चा आधार घेऊन, कलम ५-अ ची सुनावणी वगळून करण्यात आले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते रद्द ठरवले. विमानतळासारखा वर्षानुवर्षे नियोजनात असलेला प्रकल्प समोर असताना काही आठवड्यांची सुनावणी का परवडली नाही, याचे उत्तर शासनाला देता आले नाही. गवते खटल्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने तीच चूक पुन्हा व्हावी हे मनाला लागते.

त्याच्या आदल्या वर्षी, १६ मे २०२४ रोजी, कोलकाता महानगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद ३००-अ मध्ये सात उपहक्क दडलेले असल्याचे मांडले होते. शासन जमीन घेऊ इच्छिते याची सूचना मिळणे, हरकत ऐकली जाणे, सकारण निर्णय मिळणे, संपादन सार्वजनिक प्रयोजनासाठीच होणे, वाजवी मोबदला, कार्यवाही वाजवी मुदतीत होणे आणि ती रीतसर पूर्णत्वाला जाणे, असे ते सात. नवी मुंबईतील गेल्या साठ वर्षांच्या भूसंपादनावर ही फूटपट्टी ठेवली तर यातील प्रत्येक उपहक्काच्या भंगाची कहाणी कोणत्या ना कोणत्या गावात सापडेल.

यातील प्रयोजनाचा मुद्दा जमीन घेऊन झाल्यावरही संपत नाही. घणसोलीच्या सेक्टर १२ व १२-अ मध्ये शासकीय क्रीडा संकुलासाठी जागा राखलेली होती; तिचा काही भाग सिडकोने खासगी विकासकाला देऊ केला, आणि २०२१ मध्ये शासनाने संकुलच उचलून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात नानोरे येथे हलवण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाविरुद्ध जनहित याचिका झाली आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. मैदानाचा हक्क मागण्यासाठी तेथे शहरवासी आले होते, जमिनीचे मूळ मालक नव्हे. मूळ मालकांना त्या वादात फारसे स्थानच नव्हते, कारण जमीन एकदा रीतसर शासनाकडे निहित झाली, म्हणजे सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन शासनाच्या मालकीची झाली, की ती ठरल्या कामासाठी वापरली गेली नाही एवढ्या कारणाने परत मागता येत नाही, असा १८९४ च्या कायद्याखालचा स्थिर नियम आहे.

नव्या कायद्याने हा नियम थोडा सैल केला आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षे वापराविना पडून राहिलेली जमीन कलम १०१ नुसार मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत करायची, अथवा शासनाच्या भूपेढीत जमा करायची. आणि कोणताही विकास न करता ती अधिक किमतीला दुसऱ्याला दिली गेली, तर वाढलेल्या किमतीतील ४० टक्के रक्कम कलम १०२ नुसार ज्यांच्याकडून जमीन घेतली त्यांना वाटायची. १९६४ मध्ये घेतलेली जमीन १९८८ मध्ये एका महामंडळाने दुसऱ्याकडे किंमत घेऊन सोपवली तेव्हा असे कलम असते, तर त्या कुटुंबांचा हिशेब २०१२ पर्यंत थांबला नसता. हे कलम नव्या कायद्याने घेतलेल्या जमिनींना लागू होते. नवी मुंबईची बहुतेक जमीन त्याआधीच घेऊन झालेली आहे.